सहीच्या आधी: परदेशी कंपन्यांच्या खरेदीपूर्व तपासणीविषयी

११ जून २००८ रोजी जपानच्या दाइची सान्क्यो या औषध कंपनीनं रॅनबॅक्सी लॅबोरेटरीज ताब्यात घेण्याचा करार जाहीर केला. भाव ठरला शेअरमागे ७३७ रुपये. मालक कुटुंबाचा सुमारे ३५ टक्के हिस्सा, बाजारातल्या भागधारकांचे शेअर आणि नव्यानं काढलेले शेअर मिळून जवळजवळ ६४ टक्के मालकी दाइचीकडे येणार होती आणि त्यापोटी साधारण ४.६ अब्ज डॉलर मोजायचे होते. १६ सप्टेंबरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, रॅनबॅक्सीच्या देवास आणि पाओंटा साहिब इथल्या कारखान्यांत बनणाऱ्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. करार झालेला होता, पण मालक कुटुंबाच्या शेअरांचं हस्तांतर अजून पुरं व्हायचं होतं. नोव्हेंबरमध्ये तेही झालं. २००९ च्या सुरुवातीलाच दाइचीला या गुंतवणुकीपोटी सुमारे साडेतीनशे अब्ज येनचं नुकसान हिशेबात दाखवावं लागलं. मे २०१३ मध्ये रॅनबॅक्सीच्या अमेरिकी शाखेनं फौजदारी आरोप कबूल केले आणि फौजदारी व दिवाणी मिळून ५० कोटी डॉलर भरले.

ही हकिगत औषधधंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पुस्तकाची सुरुवात तिच्यापासून करतो आहे, कारण विकत घेण्याआधीची तपासणी कुठे तोकडी पडते हे इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या माहितीत नाही. दोष कुठे होता ते पाहा. औषध किती महिने टिकतं हे ठरवण्यासाठी ठरावीक अंतरानं चाचण्या घ्याव्या लागतात: तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, नऊ महिन्यांनी. अमेरिकी न्याय विभागानं पुढे मांडलेल्या हकिगतीनुसार यातल्या काही चाचण्या एकाच दिवशी किंवा दोनचार दिवसांच्या अंतरानं उरकल्या होत्या, आणि कागदावर मात्र महिन्यांच्या अंतराच्या तारखा होत्या. असा दोष ताळेबंदात कुठेच उमटत नाही. विक्री खरी असते, बँकेतले पैसे खरे असतात, लेखापरीक्षकाची सही खरी असते. तो दिसतो तो प्रयोगशाळेच्या नोंदवहीत, नमुने ठेवलेल्या कपाटाच्या तापमानात आणि रात्रपाळीच्या विश्लेषकाच्या चेहऱ्यावर. तिथवर जायला वकील किंवा हिशेबतपासनीस पुरत नाहीत. ज्यानं स्वतः आयुष्यभर अशी प्रयोगशाळा चालवली आहे असा माणूस न्यावा लागतो.

बाहेरच्या जगाला काहीच माहीत नव्हतं, असंही नाही. पाओंटा साहिबच्या कारखान्याला एफडीएचं इशारापत्र २००६ च्या जूनमध्येच मिळालं होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी न्यू जर्सीतल्या कार्यालयांची झडती घेतली, त्याच्या बातम्या आल्या होत्या. जे बाहेर आलं नव्हतं ते वेगळं: कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये तयार केलेला एक अंतर्गत अहवाल, ज्यात खोट्या आकडेवारीची व्याप्ती देशोदेशीच्या नोंदींसह मांडली होती. दाइचीनं पुढे सिंगापूरच्या लवादाकडे दाद मागितली. हा अहवाल आपल्यापासून दडवला, हे तिचं म्हणणं लवादानं २०१६ मध्ये मान्य केलं आणि माजी मालकांना २,५०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम, वर व्याज, असं देणं ठरवलं. म्हणजे दोष विकणाऱ्यांचाच ठरला. पण झडतीची बातमी वाचल्यावर घेणाऱ्यानं काय करायला हवं होतं, हा प्रश्न त्या निवाड्यानंतरही माझ्या डोक्यातून जात नाही. विचारलेल्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालं म्हणून पुढे जाणं आणि त्या उत्तराचा पुरावा डोळ्यांनी पाहून पुढे जाणं, या दोहोंतलं अंतर हाच या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकासाठी हे पुस्तक आत्ताच का, याला कारण आहे. पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सनं ब्रिटनमधली एसपीपी पंप्स ही कंपनी २००३ मध्ये घेतली. भारत फोर्जनं २००४ मध्ये जर्मनीतल्या एनेपेटाल इथली दिवाळखोरीत निघालेली कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी घेतली. जळगावच्या जैन इरिगेशननं इस्रायलच्या नानदान कंपनीत २००७ मध्ये निम्मा हिस्सा आणि पुढे उरलेला निम्मा घेतला. थरमॅक्सनं २०१० मध्ये डेन्मार्कची डॅनस्टोकर ही बॉयलर बनवणारी कंपनी घेतली. त्या पिढीत परदेशातली कंपनी घेणं हे मोठ्या घराण्यांचं काम होतं. आता चाकण, अंबड, वाळूज, शिरोली इथल्या दुसऱ्या फळीतल्या उद्योजकांच्या टेबलावरही असे प्रस्ताव येतात. जर्मनीत, ऑस्ट्रियात, उत्तर इटलीत कुटुंबाच्या मालकीचे कितीतरी छोटे-मध्यम कारखाने असे आहेत, की मालक सत्तरीला टेकला आहे आणि मुलांना त्या धंद्यात रस नाही. माल उत्तम, ग्राहक नामवंत, आणि किंमत आपल्याकडे एखादा नवा शेड उभारण्याच्या खर्चाच्या आसपास. मोह पडावा असंच हे सगळं असतं. मोह पडण्यात वाईट काही नाही. पण ज्या घरात तीस कोटींचं मशिन घ्यायला सहा महिने विचार होतो, तिथे तेवढ्याच रकमेची कंपनी दोन भेटींत आणि एका जेवणात ठरते, हे मी पाहिलं आहे आणि ते पाहून मला खरोखर काळजी वाटली आहे.

आपल्याला तपासणी येत नाही असं मुळीच नाही. दोन एकर जमीन घ्यायची म्हटली तर आपण सातबारा काढतो, फेरफार बघतो, दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा सर्च घेतो आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन सांगतो, की कुणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत कळवा. गावातल्या दोघांना चहाला बोलावून शेजारच्या बांधाचं भांडण आहे का, तेही काढून घेतो. कंपनीच्या खरेदीत नेमकं हेच करता येत नाही. पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या करारावर सही होते. ग्राहकांना कळलं तर ते बिथरतील, कामगारांना कळलं तर चांगली माणसं सोडून जातील, स्पर्धकाला कळलं तर तो चढी बोली लावेल. म्हणून ज्यांना खरं माहीत आहे त्यांना विचारण्याची सोयच नसते. जे विचारायचं ते विकणाऱ्यालाच, आणि तो जे दाखवेल ते डेटा रूम नावाच्या संगणकी कपाटात. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर अंतर्गत माहितीच्या वापरावरच्या निर्बंधांमुळे ती आणखीच कमी दाखवते. तेव्हा डेटा रूममध्ये काय आहे यापेक्षा काय असायला हवं होतं आणि नाही, याची यादी आधी स्वतः करावी लागते. त्या धंद्यातल्या कंपनीकडे कुठली कागदपत्रं असणारच, हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच गहाळ कागद दिसतो.

हिशेबाच्या तपासणीबद्दल पुस्तकात तीन मोठी प्रकरणं आहेत, इथे फक्त एक धागा दाखवतो. विकायला काढलेल्या कंपनीचा नफा विकण्याआधीच्या दोन-तीन वर्षांत बहुधा चांगला दिसतो, आणि तो चांगला दिसण्यासाठी खोटं लिहावं लागतच नाही. मशिनची मोठी दुरुस्ती पुढच्या वर्षावर टाकायची. निवृत्त झालेल्या टूलमेकरच्या जागी माणूस घ्यायचा नाही. नव्या उत्पादनावरचं काम थांबवायचं. पुरवठादाराला साठ दिवसांऐवजी नव्वद दिवसांनी पैसे द्यायचे, म्हणजे बँकेतली शिल्लक वाढते. प्रत्येक गोष्ट कायदेशीर, प्रत्येक आकडा बरोबर. म्हणून मी नफा-तोट्याच्या पानाआधी एक साधी तुलना करतो: गेल्या पाच-सात वर्षांचा घसारा किती आणि त्याच काळात मशिनरीवर प्रत्यक्ष खर्च किती. खर्च घसाऱ्याच्या निम्म्यावर आला असेल, तर त्या नफ्यातला काही भाग म्हणजे मशिनचं आयुष्य विकून आलेले पैसे आहेत. ते पुन्हा घालावे लागणार आहेत, आणि ते घेणाऱ्यालाच. मग मेंटेनन्सच्या फोरमनबरोबर एक पाळी उभं राहावं. कुठलं मशिन गेल्या महिन्यात किती वेळा बंद पडलं हे तो सांगतो, आणि कंपनीच्या सादरीकरणात जे कधीच नसतं ते त्याच्या तेलकट वहीत असतं.

मोजणीचंही तसंच. कॅटरपिलरनं २०१२ च्या जूनमध्ये हाँगकाँगच्या बाजारात नोंदलेली ईआरए मायनिंग मशिनरी ही कंपनी घेतली. तिचा खरा कारभार म्हणजे चीनमधल्या झेंगझौ इथली सीवेई ही खाणीतल्या छताला आधार देणारी यंत्रं बनवणारी कंपनी होती. काही महिन्यांतच नोव्हेंबरमध्ये मालाची प्रत्यक्ष मोजणी झाली आणि वहीतला साठा व गोदामातला साठा जुळेना. खोलात गेल्यावर खर्च आणि विक्रीच्या नोंदींतही गफलती निघाल्या. जानेवारी २०१३ मध्ये कॅटरपिलरनं ५८ कोटी डॉलरचं गुडविल बुडीत धरल्याचं जाहीर केलं. जगातली इतकी मोठी यंत्र कंपनी, सोबत नामांकित सल्लागार, आणि गाठ सुटली ती गोदामात जाऊन नग मोजण्यानं. हे काम खरेदीआधी करायला मनाई केली गेली, तर ती मनाई हीच सगळ्यात मोलाची माहिती समजावी.

आता ज्या विषयानं आपल्या लोकांना सगळ्यात जास्त फसवलं आहे त्याकडे येतो: पेन्शन. आपल्याकडच्या खासगी उद्योगात मालकाच्या डोक्यात प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी असते. माणूस निवृत्त झाला, हिशेब चुकता केला, हार घातला, संपलं. ब्रिटनमध्ये, जर्मनीत, अमेरिकेतल्या जुन्या उद्योगांत कंपनीनं कामगाराला आणि त्याच्यामागे त्याच्या जोडीदाराला हयातभर ठरावीक पेन्शन देण्याचं वचन दिलेलं असतं. ते वचन कंपनीबरोबर विकलं जातं. टाटा स्टीलनं कोरस ही पोलाद कंपनी घेण्यासाठी ऑक्टोबर २००६ मध्ये शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलच्या सीएसएन कंपनीशी चढाओढ लागली आणि जानेवारी २००७ अखेरच्या रात्रभराच्या लिलावात भाव ६०८ पेन्सवर थांबला. एकूण किंमत ६.२ अब्ज पौंडांच्या घरात गेली. या कंपनीला चिकटलेली ब्रिटिश स्टील पेन्शन योजना मात्र पुढच्या दशकात साधारण १५ अब्ज पौंडांची आणि सव्वा लाखाच्या आसपास सभासदांची होती. म्हणजे घेतलेल्या कंपनीच्या किमतीच्या दुपटीहून मोठी एक जबाबदारी तिच्या मागे उभी होती. खरेदीच्या वेळी त्या योजनेतली तूट चिंताजनक वाटत नव्हती. पण तूट म्हणजे दोन प्रचंड आकड्यांतला फरक. व्याजदर खाली गेले की भविष्यातल्या पेन्शनची आजची किंमत फुगते, लोकांचं आयुर्मान वाढलं की आणखी फुगते. २००८ नंतर व्याजदर खाली गेले, पोलादाची मागणी ढासळली, आणि पेन्शन योजना कंपनीच्या गळ्याशी आली. २०१७ मध्ये ब्रिटनच्या पेन्शन नियामकाच्या संमतीनं टाटा स्टीलनं ५५ कोटी पौंड आणि ब्रिटिश कंपनीतला ३३ टक्के हिस्सा देऊन त्या योजनेपासून स्वतःला वेगळं केलं.

कोरस घेणं चूक होतं का, हा वाद मी इथे घालत नाही. पोलादाच्या जागतिक मंदीचा अंदाज कुठल्याच तपासणीनं दिला नसता. माझं म्हणणं एवढंच, की तूट किती हा प्रश्न अपुरा आहे. एकूण देणं कंपनीच्या मानानं केवढं, आणि व्याजदर एक टक्क्यानं हलला तर तूट किती हलते, हे विचारलं पाहिजे. त्याचं उत्तर देणारा माणूस म्हणजे त्या देशातला विमागणिती. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटकडून ती अपेक्षा करू नये. कोरसच्या खरेदीनंतर पुढच्याच वर्षी टाटा मोटर्सनं जग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतली, तेव्हा विकणाऱ्या फोर्डनं त्यातले सुमारे ६० कोटी डॉलर पेन्शन योजनांमध्ये घालण्याचं ठरलं होतं. हा प्रश्न वाटाघाटीच्या टेबलावर आणता येतो, याचा हा चांगला दाखला.

जर्मनीबद्दल वेगळं प्रकरण आहे, कारण महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग उद्योगाची नजर तिकडेच असते. पुण्याच्या सुझलॉननं २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेवाशी झुंज देऊन रीपॉवर ही पवनचक्क्या बनवणारी हॅम्बुर्गची कंपनी मिळवली. मोठ्या क्षमतेची, समुद्रात उभारायची यंत्रं हे तिचं बलस्थान, आणि सुझलॉनला तेच तंत्र हवं होतं. पण जर्मन कायद्यानं भागभांडवली कंपनीचं संचालन तिचं कार्यकारी मंडळ स्वतःच्या जबाबदारीवर करतं. बहुसंख्य भागधारक त्याला हुकूम देऊ शकत नाही. तसा अधिकार हवा तर वर्चस्वाचा स्वतंत्र करार करावा लागतो किंवा उरलेल्या अल्पसंख्य भागधारकांना मोबदला देऊन बाहेर काढावं लागतं, आणि त्यासाठी ९५ टक्क्यांची अट असते. तोवर मातृकंपनीशी होणारा प्रत्येक व्यवहार परक्याशी केल्यासारखा बाजारभावानं करावा लागतो. सुझलॉनकडे ९० टक्क्यांहून जास्त शेअर आले, तरी रीपॉवरचं तंत्रज्ञान आणि तिच्या तिजोरीतली रोकड मोकळेपणानं वापरता येईना. ते दार उघडायला २०११ उजाडलं. कर्जाचे हप्ते मात्र पहिल्या दिवसापासून चालू होते. दरम्यान जागतिक मंदी आली, अमेरिकेत पात्यांना तडे जाण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सुझलॉनला परकीय चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांची परतफेड करता आली नाही. २०१५ मध्ये तीच जर्मन कंपनी, तेव्हा तिचं नाव सेनव्हियन झालं होतं, सुमारे एक अब्ज युरोंना विकून टाकावी लागली. सगळा भार त्या एका कायद्यावर टाकणं अन्यायाचं होईल. तरी शंभर टक्के मालकी मिळेपर्यंत आपल्या हातात नक्की काय येणार आहे, हे कोष्टक कर्ज काढण्याआधी मांडायलाच हवं. कुटुंबाच्या मालकीच्या छोट्या जर्मन कंपन्या बहुधा जीएमबीएच (खासगी मर्यादित) प्रकारच्या असतात आणि तिथे मालकाला व्यवस्थापकाला सूचना देता येतात, म्हणून आपल्या वाचकाला हा काच कमी जाणवेल. पण त्याच्यासाठी वेगळे काच आहेत.

पहिला काच कामगारांचा. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम ६१३अ नुसार कारखाना हस्तांतरित झाला की त्यातले कामगार आहेत त्या अटींसह नव्या मालकाकडे येतात. फक्त मशिनं उचलली आणि माणसं सोडली, असं होत नाही. शिवाय कामगारांनी निवडलेली कामगार परिषद असते. पाळ्या बदलणं, जादा काम, मोठी कपात अशा गोष्टींत तिला कायद्यानं आवाज आहे. आपल्याकडच्या मालकाला ती परिषद म्हणजे युनियनच वाटते आणि तो पहिल्या भेटीत तिला टाळतो. माझा सल्ला उलट आहे. विकणाऱ्यानं परवानगी दिली तर सहीच्या आधीच परिषदेच्या अध्यक्षांना भेटावं, कारखान्याची खरी तब्येत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नसते. दुसरा काच जमिनीचा. साठ-सत्तर वर्षं जिथे धातूवर मुलामा देण्याचं किंवा ग्रीस धुण्याचं काम झालं, तिथली माती आणि भूजल दूषित असू शकतं. जर्मनीच्या १९९८ च्या मृदासंरक्षण कायद्यानुसार ती साफ करण्याची जबाबदारी प्रदूषण करणाऱ्याबरोबरच आजच्या मालकावरही येते. मातीत बोअर घेऊन तपासणी करण्याचा खर्च एकूण व्यवहाराच्या मानानं किरकोळ असतो. तो वाचवू नये.

भारत फोर्जनं एनेपेटालचा कारखाना दिवाळखोरीतून घेतला होता, आणि तशी खरेदी आज आपल्या अनेकांना खुणावते. जर्मन दिवाळखोरी प्रशासक साधारणपणे कंपनीची मालमत्ता आणि चालू धंदा विकतो, जुनी कर्जं मागे राहतात, म्हणून किंमत कमी दिसते. पण तो वेळ देत नाही आणि हमीही देत नाही. काही आठवड्यांत निर्णय घ्यावा लागतो. अशा ठिकाणी जो घेणारा त्याच धंद्यात मुरलेला आहे, ज्याला फोर्जिंगचा हातोडा आवाजावरून कळतो, त्यालाच घाई परवडते. वेगळ्या धंद्यातून आलेल्यानं दिवाळखोरीतला माल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

काही गोष्टी पुस्तकात सविस्तर आहेत, इथे नुसता उल्लेख करतो. मॅरियटनं २०१६ मध्ये स्टारवुड ही हॉटेल कंपनी घेतली, तेव्हा स्टारवुडच्या आरक्षण संगणकांत २०१४ पासून घुसखोर बसलेले होते. ते २०१८ मध्ये उघडकीला आलं आणि ब्रिटनच्या नियामकानं १.८४ कोटी पौंड दंड मॅरियटला केला. अमेरिकेच्या ईलँडिया कंपनीनं २००७ मध्ये घेतलेल्या लॅटिन नोड या टेलिफोन कंपनीनं होंडुरास आणि येमेनमध्ये लाच दिल्याचं खरेदीनंतर कळलं, आणि ती कंपनी जवळजवळ मोडीत काढावी लागली. कराच्या बाबतीत तर आपलाच देश उदाहरण ठरला. व्होडाफोननं २००७ मध्ये हचिसनकडून केमन बेटांवरची एक कंपनी घेतली आणि तिच्यासोबत भारतातला मोबाइल धंदा. मुंबईच्या आयकर खात्यानं अकरा हजार कोटींहून अधिक कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयात व्होडाफोन हरली, जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली, त्याच वर्षी संसदेनं कायदा पूर्वलक्षी प्रभावानं बदलला आणि तो बदल मागे घ्यायला २०२१ उजाडलं. कायदा आज काय म्हणतो एवढंच पाहून चालत नाही, त्या देशाचं सरकार कशावर नाराज होऊ शकतं याचाही अंदाज बांधावा लागतो.

या सगळ्याहून अवघड गोष्ट घेणाऱ्याच्या मनातली आहे. एचपीनं ऑगस्ट २०११ मध्ये ऑटोनॉमी ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. ब्रिटनमधली शेअर बाजारात नोंदलेली कंपनी बोली लावणाऱ्याला फार खोलवर दप्तर दाखवत नाही. हातात पडलं ते थोडं होतं. एचपीच्या स्वतःच्या वित्तप्रमुखांचा या खरेदीला विरोध होता. खरेदी झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये एचपीनं ८.८ अब्ज डॉलर बुडीत धरले आणि त्यातल्या पाच अब्जांहून अधिक रकमेचं खापर हिशेबातल्या फसवणुकीवर फोडलं. लंडनच्या न्यायालयानं २०२२ मध्ये एचपीचं म्हणणं बऱ्याच अंशी मान्य केलं. सॉफ्टवेअर कंपनी म्हणवणारी ऑटोनॉमी तोट्यात हार्डवेअर विकून उलाढाल फुगवत होती, हे त्यात पुढे आलं. अमेरिकेत फौजदारी खटल्यात ज्यूरीनं २०२४ मध्ये संस्थापकाला निर्दोष ठरवलं. न्यायालयं काहीही म्हणोत, मला या प्रकरणात सगळ्यात बोलकी वाटते ती वित्तप्रमुखांची हरकत. निर्णय आधी झालेला असला की तपासणी करणाऱ्याचं काम अडथळे शोधणं हे उरत नाही, ठरलेल्याला कागद जोडणं हे होतं. त्यात बँकरची फी व्यवहार झाला तरच मिळते, मध्यस्थाची दलाली तशीच, आणि अध्यक्षसाहेबांनी मित्रमंडळीत बातमी सांगून झालेली असते.

म्हणून या पुस्तकात मी एक व्यवस्था आग्रहानं सुचवली आहे. तपासणी करणाऱ्यांची फी व्यवहार होवो न होवो, सारखीच असावी. त्यांनी अहवाल खरेदीचं नेतृत्व करणाऱ्या संचालकाला न देता स्वतंत्र संचालकाला द्यावा. कुटुंबाची कंपनी असेल तर घरातल्या अशा व्यक्तीला, जिचा या व्यवहारात जीव गुंतलेला नाही. आणि तपासणी सुरू होण्याआधीच लेखी ठरावं, की कुठल्या तीन-चार गोष्टी निघाल्या तर आपण व्यवहार सोडणार. नंतर ठरवायला बसलो तर प्रत्येक गोष्टीला समजूत सापडते.

करारातल्या हमीवर विसंबणाऱ्यांनाही सांगायचं आहे. विकणाऱ्याकडून लेखी हमी घ्यावी, किमतीचा काही भाग दीड-दोन वर्षं एस्क्रो खात्यात अडकवून ठेवावा, शक्य असेल तिथे हमीचा विमा काढावा. हे सगळं करायचंच. पण दाइचीला लवादाचा निवाडा मिळाला तो कराराला आठ वर्षं होत आल्यावर. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याची अंमलबजावणी मान्य केली २०१८ मध्ये. तोवर माजी मालकांच्या मालमत्तेला गळती लागली होती आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवलं. हमी तेवढीच भक्कम, जेवढी देणाऱ्याची ऐपत वसुलीच्या दिवशी. याउलट मुंबईच्या सन फार्मानं तीच रॅनबॅक्सी २०१४ मध्ये दाइचीकडून शेअरांच्या बदल्यात घेण्याचं ठरवलं, तेव्हा तिच्या चार कारखान्यांवरचे अमेरिकी निर्बंध जगजाहीर होते. दोष माहीत असलेली कंपनी घेता येते. किंमत, वेळ आणि दुरुस्तीचा खर्च त्या दोषाला धरून ठरवता येतो.

शेवटी थांबण्याबद्दल. अपोलो टायर्सनं जून २०१३ मध्ये अमेरिकेची कूपर टायर ही आपल्यापेक्षा मोठी कंपनी २.५ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. शेअरमागे ३५ डॉलर. दोन गोष्टी आडव्या आल्या, आणि दोन्ही माणसांच्या होत्या. चीनमधल्या शांदोंग प्रांतात कूपरचा एका स्थानिक भागीदाराबरोबर संयुक्त कारखाना होता; तिथल्या कामगारांनी या खरेदीविरुद्ध संप केला आणि कूपरलाच आपल्या त्या कंपनीची हिशेबाची पुस्तकं मिळेनात. इकडे अमेरिकेत पोलाद कामगारांच्या संघटनेनं लवादाकडे धाव घेतली, आणि फिंडले व टेक्सारकाना इथले कारखाने अपोलोनं संघटनेशी नवा करार केल्याशिवाय हस्तांतरित करता येणार नाहीत, असा निर्णय सप्टेंबरमध्ये आला. अपोलोनं किंमत कमी मागितली. कूपर डेलावेअरच्या न्यायालयात गेली, अपोलोनं कराराचा भंग केला नाही असं न्यायाधीशांनी म्हटलं, आणि डिसेंबरअखेर करार मोडला. चीनमधल्या भागीदाराची नाराजी आणि अमेरिकी संघटनेचा करार, या दोन्ही गोष्टी सहीच्या आधी समजून घेण्यासारख्या होत्या. पण उशिरा का होईना, समोर आलेल्या माहितीला मान देऊन अपोलोनं जुन्या किमतीचा हट्ट सोडला, हे मी तिच्या बाजूनं लिहितो. २०१७ मध्ये तिनं हंगेरीत स्वतःचा नवा कारखाना सुरू केला.

पुस्तकाची रचना व्यवहाराच्या क्रमानं न ठेवता धोक्याच्या आकारानं ठेवली आहे. म्हणून कायदेशीर कागदपत्रांची सूची, जिच्यापासून बहुतेक पुस्तकं सुरू होतात, ती इथे सहाव्या प्रकरणात आहे. पहिलं प्रकरण पेन्शनचं आहे, दुसरं कामगारांचं, तिसरं कारखान्याच्या जमिनीचं. ज्यांच्या टेबलावर आत्ता एखादा प्रस्ताव पडून आहे, त्यांनी ही तीन वाचून झाल्यावरच विकणाऱ्याला पहिला भाव सांगावा.